आबांनी धरलेले भुंगेरे

गुरुवार, संध्याकाळ

आज प्रायमर लागला; हवा तो तुकडा शोधणारा तो छोटा धागा नेमका बसला. हुमणीच्या भुंगेऱ्याचा जीनोम कुणी वाचलेला नाही, म्हणून माशी, मधमाशी, रेशीमकिडा यांच्यात जो मायक्रोआरएनए, म्हणजे आरएनएचा इवलासा तुकडा, जसाच्या तसा सापडतो, त्यावरून तो बनवला होता. कितीदा फसला.

पिशोरच्या आमच्या शेतातल्या कडुलिंबावरून भुंगेरे वडील, म्हणजे आबाच धरून द्यायचे. एकदा म्हणाले, "दुसऱ्याच्या मापाचा सदरा ह्याला कसा बसंल?"

"तेवढा तुकडा सगळ्यांत सारखाच असतो, आबा."

"मंग आपल्यात बी?"

"एखादा आपल्यातही."

लई खूश झाले होते. आज सांगायला आबा नाहीत. दिवाळीतच गेले.

सर म्हणाले, "छान. आता दुसऱ्या भुंगेऱ्यांवर पुन्हा करून बघ." फ्रीझरमध्ये आबांनी धरलेले शेवटचे थोडे उरले होते. बाटली काढली, पण आरएनए काढायला ते कुटावेत म्हटलं तर हातच होईना. एवढं शिकून मेलेल्या किड्यांपाशी रडत काय उभी राहिले मी?

शेवटी आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुट बाई. त्यांनी त्याच्यासाठीच धरले व्हते."

कुटले. सगळे.