या, बसा, काय अडलंय?

१२ फेब्रुवारी

बंद करत नाही म्हणाली! हुश्श! निदान आत्ता तरी नाही.

सकाळी दात घासता घासता, तोंडात फेस घेऊन सांगत आली. मी म्हटलं, आधी चूळ भर, मग बोल. तर फेसासकट मिठी मारली. खांद्यावर पांढरा डाग पडलाय. राहू दे आजचा दिवस.

दुपारी दोनदा वाढून घेतलं तिने. किती दिवसांनी!

आता नीट लिहिते, नाहीतर पुढे वाचताना मलाच कळायचं नाही. माझी नात भिंगरी. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता बघावं तर सकाळपासून एकाच खुर्चीत. खुर्चीचं चाक मोडलं तरी उठली नाही, कलती बसून काम केलं! तर या भिंगरीने चांगली नोकरी सोडली आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी कट्टा काढला. कॉम्प्युटरवरचा कट्टा. कुणी कुठेही राहत असो, घरबसल्या इथे यायचं, अडलेलं विचारायचं, ज्याला येतं त्याने सांगायचं. फुकट, आणि आपल्या भाषेत. मला तर फार आवडलं होतं. पण माणसं यायची, एक प्रश्न विचारायची आणि जायची. परत फिरकायची नाहीत. चारदोन जुने तेवढे आपसात बोलत बसायचे.

तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, फोनवर म्हणायचा, "आई, तिला म्हणावं हौस झाली, आता नोकरी धर." शेवटी तिने स्वतःच ठरवलं होतं. या महिन्यात नवीन माणसं टिकली तर ठीक, नाहीतर कट्टा बंद. बंद म्हणजे ती परत लांब नोकरीला आणि मी मुलाकडे. मुलगा चांगला आहे. सून तर त्याच्याहून चांगली. पण तिथे माझ्याशी कुणी भांडत नाही. सगळे हळू आवाजात बोलतात, जशी काही मी आजारी आहे.

आणि आज म्हणते, "आजी, नवीन आलेले परत यायला लागलेत! काय झालं कोण जाणे!"

कोण जाणे कशाला. मी जाणते. पण गप्प बसले.

१३ फेब्रुवारी

आज सकाळी कट्ट्याच्या दारात गर्दी. चहा गार झाला, गरम केला, परत गार झाला.

१४ फेब्रुवारी

भिंगरीला सांगितलं नाही ते इथे लिहिते.

मागे एकदा ती टॅब्लेट घेऊन माझ्याकडे आली. "आजी, तुला यातलं काही येत नाही ना?"

"नाही."

"अगदीच काही नाही?"

"नाही म्हटलं ना! किती वेळा अपमान करशील?"

तर तिला बघायचं होतं, नवख्या माणसाला कट्ट्यावर शिरताना कुठे अडखळायला होतं. मी तिची अडखळणारी! नाव तिनेच टाकलं "चाचणी". मी बरीच अडखळले, तिने शेजारी बसून टिपून घेतलं, खूश झाली आणि टॅब्लेट माझ्याकडेच ठेवून विसरून गेली.

मी नाही विसरले. कारण आत गेल्यावर नवीन माणसाने आपली ओळख सांगायची ती ओळखीची खोली लागते, तिथे मी लिहिलं होतं — आले मी. दिवस गेला, कुणी हूं की चूं नाही! दारात उभं राहून आपण "आले मी" म्हणावं आणि आतल्या कुणी मानही वर करू नये? माझं डोकं फिरलं.

मग माझ्या मागून एक मुलगी आली. दवाखान्यात रात्रपाळी करते आणि दिवसा प्रोग्राम शिकते. बिचारी झोपते कधी? तिने काहीतरी विचारलं. लगेच एकाने लिहिलं, "हे आधी विचारून झालंय. शोधा." आणि प्रश्नाला कुलूप! कुलूप म्हणजे त्याखाली कुणाला काही लिहिताच येत नाही. असा नियमच आहे म्हणे, तेच तेच प्रश्न साठू नयेत म्हणून. या माणसाकडे कुलपाचं काम आहे. त्याच्या फोटोच्या जागी चित्रही कुलपाचंच. तो सगळ्यांत हुशार आहे, भिंगरी सांगते, त्याच्यावाचून कट्ट्याचं पान हलत नाही. असेल. मी त्याला कुलूपवाला म्हणते.

मला आमचे मास्तर आठवले. मी हात वर केला तर म्हणाले, "हे कालच सांगितलंय, खाली बस." खाली बसले ती बसलेच. पुढे शाळेत गेलेच नाही.

तर मी ओळखीच्या खोलीत त्या रात्रपाळीला लिहिलं — "या, बसा. काय अडलंय? मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण कळणारे येतील. तोवर सांगा, जेवलात का?"

तिने लिहिलं, "नाही जेवले." मी म्हटलं, आधी जेवा. जेवून आली! मग तिने सगळं अडलेलं मला सांगितलं. मी नुसतं "बरं, मग?" "बरं, मग?" करत राहिले. एका बोटाने लिहिते मी, जास्त काय लिहिणार? आणि सांगता सांगता मध्येच तिने लिहिलं, "अरे! सापडलं! माझंच चुकत होतं!"

मी काय केलं? काही नाही. पण तेव्हापासून जो येईल त्याला मी बसवते. निम्म्यांना मला सांगतानाच उत्तर सापडतं. उरलेल्यांना रात्रपाळी सांगते. हो, ती आता रोज असते!

१६ फेब्रुवारी

हसू की रडू असं झालंय.

जेवताना भिंगरी म्हणाली, "आजी, कुणीतरी कट्ट्यावर बॉट सोडलाय."

मी पाय वर घेतले. "चावतो का गं?"

बॉट म्हणजे आपोआप बोलणारं यंत्र. माणूस नसतंच, नुसता प्रोग्राम. नवीन कुणी आलं की बोलायला लागतं. "चाचणी नाव आहे बघ त्याचं. कुलूपवाल्याचंच काम असणार. लोक इतके खूश आहेत! मी त्याला विचारलं तर म्हणतो मी नाही, तूच केला असशील."

चाचणी! म्हणजे ही सगळी शिकलीसवरलेली माणसं मला यंत्र समजतायत! का तर नाव तसलं, आणि जो येईल त्याला मी तेच म्हणते — या, बसा. आता घरी आलेल्या प्रत्येकाला काय वेगवेगळं म्हणायचं?

वर कुलूपवाल्याने त्या यंत्रातले दोष काढून भिंगरीला कळवलेत. तिने वाचून दाखवले. दुपारी बंद पडतं. (मी झोपते!) वेळ न बघता जेवलात का विचारतं. एकाला उगाच रागावलं. (उगाच नाही. तो रात्रपाळीला "बाई" म्हणून टोमणे मारत होता.) आणि खाली लिहिलंय, "बाकी काम उत्तम. प्रोग्राम दाखवाल का?"

काय दाखवू? गुडघे दाखवू?

१७ फेब्रुवारी

लोकांना कळलं की कोपऱ्यातली एक म्हातारी एका बोटाने टुकटुक करतेय, तर? फसवलं म्हणतील. हसतील आणि जातील. पोरीचा कट्टा माझ्यापायी बुडायचा.

तरी सवय जाईना. दोघे आले, दोघांना बसवलं.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. खुर्चीचं चाक बसवत होती, पालथी पडून. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर झाला.

"तो बॉट मी आहे."

मग पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतेय. हसत होती! इतकी हसली की उचकी लागली, पाणी द्यावं लागलं. "दुपारी बंद पडतं!" म्हणे आणि परत हसे.

मग डोळे पुसले. "आजी, लोकांना सांगावं लागेल गं."

"जातील का?"

"जातील कदाचित. पण कट्टा माझा आहे. इथे कुणाला खोटं समजू द्यायचं नाही."

शहाणी झालीय. कुणावर गेली कुणास ठाऊक. तिच्या बापावर नक्की नाही.

१९ फेब्रुवारी

तिने लिहिलं. साधंच. चाचणी हे यंत्र नाही, ती माझी आजी आहे, नाव मी दिलं, गैरसमज झाला, माफ करा.

मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी परत धुतली.

मग भिंगरीने हाक मारली, "आजी, ये बघायला!" मी म्हटलं, तूच वाच, माझं धाडस नाही.

एकाने लिहिलं, ही बनवाबनवी आहे, मी चाललो. गेला. मला वाईट वाटलं, तोही जेवून जायचा रोज. म्हणजे मी विचारायचे, तो हो म्हणायचा.

दुसऱ्याने लिहिलं, "मी आजींना यंत्र समजून माझ्या साहेबाबद्दल काय काय बोललो! आजी, कुणाला सांगू नका." एकाने लिहिलं, त्याने मला मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न टाकून यंत्र कुठे फसतं ते बघितलं होतं, आणि मी त्याला म्हटलं होतं, तुझं काहीतरी बिनसलंय, झोप जा. "खरंच बिनसलं होतं," म्हणतो. आणि रात्रपाळीने लिहिलं, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. यंत्राला कशाला पडलीय मी जेवले का त्याची?"

मग एकामागून एक. वाचता वाचता भिंगरीचा घसा बसला. मी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. जीव भांड्यात पडला माझा! कुणी हसलं नाही असं नाही, पण ते हसणं घरातलं होतं.

कुलूपवाला मात्र काही बोलला नाही. एक अक्षर नाही.

२१ फेब्रुवारी

मुलाचा फोन. "आई, तू म्हणे बॉट झालीस?" म्हटलं, हो, आणि तुझ्यापेक्षा जास्त लोकांशी बोलते रोज. हसला. नोकरीचं नाव काढलं नाही!

डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी. मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाल्या, नंतर काही दिवस टॅब्लेटला हात लावायचा नाही. भिंगरीही माझ्याबरोबर असणार. आणि रात्रपाळीची नेमकी परीक्षा आहे.

मग दारात कोण?

२३ फेब्रुवारी

डोळ्याची भीती नाही वाटत. दाराची वाटते. कुणी नवीन येईल, "आलो" म्हणेल आणि उभाच राहील. डोळ्याचं ऑपरेशन आहे, चार दिवस येणार नाही, एवढं ओळखीच्या खोलीत लिहून ठेवलंय.

भिंगरी म्हणते, "अगं, काही होत नाही चार दिवसांत." तिला काय माहीत. ती कधी कुठे उभी राहिलीय नुसती?

२६ फेब्रुवारी

एका डोळ्याला पट्टी. ओळ चढावर चाललीय. सगळं नीट झालं. डॉक्टर गोड बाई आहेत, त्यांनाच विचारलं, जेवलात का? नव्हत्या जेवल्या.

२८ फेब्रुवारी

पट्टी निघाली. केवढा उजेड! भिंगरीच्या नाकावर तीळ आहे, मी विसरलेच होते.

महिना संपला. भिंगरीने बापाला फोन करून सांगितलं, कट्टा चालूच राहणार. तो म्हणाला, मला माहीत होतं. खोटारडा!

टॅब्लेट थोडा वेळच मिळाला, ती शेजारी पहारा देत बसली होती. मी थेट ओळखीच्या खोलीत गेले. तीन नवीन नावं. आता यांची काय माफी मागू? पण प्रत्येकाखाली आधीच कुणीतरी लिहिलेलं होतं.

"या, बसा. काय अडलंय? आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तोवर मी आहे. मला यातलं थोडंफार कळतं. चालेल ना?"

शेजारी कुलपाचं चित्र.

तिघांनाही तेच. तिसऱ्याला तर विचारलंय, "जेवलात का?" भर दुपारी चार वाजता!

मी भिंगरीकडे बघितलं. तीही बघत होती. "मी नाही सांगितलं हां त्याला हे करायला," म्हणाली.

१ मार्च

नवा डोळा मिळाला म्हणून हौसेने ओळखीच्या खोलीत मागे मागे गेले. अगदी तळाशी, कट्टा निघाला त्या दिवसापर्यंत. भिंगरी म्हणते, त्या दिवशी सारखं काहीतरी बंद पडत होतं, तिला कुणाचं काही वाचायला सवड नव्हती.

सगळ्यांत पहिलं कुलपाचं चित्र. "नमस्कार, मी आलोय."

खाली कोरं. कुणाचं एक अक्षर नाही.

मी लिहिलं — या, बसा. उशीर झाला आम्हाला.

पाणी प्यायला उठणार, तोच खाली उमटलं — "बसलो, आजी."