साडेसहाच्या आधीचा थवा

प्रिय धाकटे,

तुझी पाठ कशी आहे? पट्टा बांधतेस की नुसता खुंटीला टांगून ठेवलायस? तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला का? सासूबाईंच्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले? लेकीची अक्कलदाढ आली का एकदाची? लंगड्या कुत्रीचंही कळव, तीही घरातलीच. माझं म्हणशील तर सगळं ठणठणीत. पोटात दुखतं तेवढं, पण त्यावर डॉक्टरकडे औषध नाही.

राज्य सरकारचं वन्यजीव अनुदान तुझ्या तळ्याला मिळाल्याचं मला वन खात्याच्या शिपायाने सांगितलं. ‘ताई, धाकट्या बाईंनी बाजी मारली हो!’ मी म्हटलं, मारणारच, शिकलेली आहे ती. तोंडभर हसले आणि आत जाऊन चहात दोनदा साखर घातली. जिल्ह्यात जिथे बदकं सगळ्यांत जास्त, त्या एकाच तळ्याला पैसे, तेही तीन वर्षं. तुझा गाळ निघणार, तुला दोन राखणदार मिळणार. इकडे माझा बांध खचलाय, पाणी रोज वीतभर बाहेर पळतं. मी किती वर्षं अर्ज खरडतेय, ठाऊक आहे ना तुला?

बाबांनी एकाच नावेत बसवून आपल्याला बदकं मोजायला शिकवलं. त्यांचा हात लुळा पडला तेव्हा वल्हं माझ्याकडे आलं आणि शाळा तुझ्याकडे राहिली. तुझी जुनी पुस्तकं वाचून मी पक्ष्यांची नावं शिकले. समासात तुझं ते मोत्यासारखं अक्षर! नाव पाठ व्हायचं आणि जीवही जळायचा. बाबा पाहुण्यांना सांगायचे, ‘मोठीची नजर तेज, पण धाकटीचा आकडा पक्का.’ ते ‘पण’ चाळीस वर्षं झाली, अजून सलतं.

मग तक्रार गेली, तुझा आकडा फुगवलेला आहे म्हणून. तुझे पैसे अडले. गाळ काढायचं यंत्र फाटकातून परत गेलं, राखणदार घरी बसले. पावसाच्या आत गाळ निघाला नाही तर वर्ष फुकट. फोनवर तू रडत विचारलंस, ‘ताई, इतकं वाईट कोण असेल गं?’ मी म्हटलं, ‘असतात गं माणसं.’ आणि भाजी करपतेय सांगून फोन ठेवला. चुलीवर भाजी नव्हती.

धाकटे, ती तक्रार मी केली. पक्षी-गणनेच्या दिवशी सगळ्या तळ्यांवर साडेसहालाच मोजायला बसायचं, म्हणजे एक थवा दोनदा मोजला जात नाही, हे बाबांनीच आपल्याला शिकवलेलं. मी सहालाच बसले. चारशेचा थवा पाण्यावर होता, आणि यंदा तरी माझा आकडा मोठा दिसावा अशी हाव सुटली. सहा-वीसला तो उठला आणि सरळ तुझ्या तळ्याकडे गेला, मी दुर्बिणीतून पाहत होते. तरी कागदावर वेळ साडेसहाची लिहिली. वर ओरडले, धाकटीने माझी बदकं स्वतःची म्हणून मोजली! खरं तर साडेसहानंतर माझ्याकडे एकशे बाराच उरली होती. तुझा आकडा पक्काच होता.

काल खात्याच्या साहेबांना हे सगळं लिहून दिलं, खाली सही केली. ते म्हणाले, ‘ताई, आता तुम्हाला गणनेला बसता येणार नाही.’ म्हटलं, बरोबर आहे. तुझी फाईल आठवड्यात सुटेल. खात्याचं पत्र तुझ्याकडे पोचायच्या आधी माझं पोचावं म्हणून घाईने लिहिलं. जळणं अजून थांबलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या वर्षी तुझ्या तळ्याकाठच्या मनोऱ्यावर मला शेजारी बसू देशील? मी फक्त थवा दाखवीन, आकडा तू सांग. शिव्या घालायच्या असतील तर पानभर घाल, पण लवकर लिही. पोस्टमनची सायकल दिसली की मी फाटकाशी जाऊन उभी राहीन.

तुझीच,
ताई