पोटरीतला गोळा आणि खालचे ताउनो

प्रिय हेल्मीताई,

तुर्कूत सगळं ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे?

गेल्या आठवड्यात एका रात्री पोटरीत असा गोळा आला की मी किंचाळलेच. खालच्या मजल्यावरचे ताउनो भांडायला वर आले. मी कशीबशी लंगडत दार उघडलं.

"अहो, बसा आधी, पाय सरळ करा!" म्हणत त्यांनी माझा चवडा माझ्याकडे रेटून धरला. हळूहळू गोळा सुटला.

आता रोज झोपण्याआधी आम्ही दोघं जिन्यात भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणतो. शेजारीण विचारते, "भिंत पडतेय का हो?"

मंगळवारी डॉक्टरांनाही दाखवते. एकटी राहू नकोस म्हणतेस ना? काल ताउनोंनी माझ्या घराची एक किल्ली मागून घेतली, आणि त्यांची मला दिली.

तुझीच धाकटी,
आउने