जुन्या यंत्राला तारीख कळत नाही

९ फेब्रुवारी १९८७, हर्णे

चालला नाही! दापोलीला कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालणारा माझा प्रोग्रॅम आमच्या मच्छीमार सोसायटीच्या यंत्रावर मुका. चेअरमन भिकाजीशेठ म्हणाले, "ग्रॅज्युएट झालीस गो, पण यंत्र काय तुझं ऐकत नाय!" सगळे हसले. मीही हसले.

आज भरती उशिरा. आप्पांची होडी लिलाव उठल्यावर लागली, बर्फ संपलेला. बर्फाची गाडी रोज ठरल्या वेळी येते, समुद्र थोडाच येतो! गाडी कधी बोलवायची, एवढंच माझा प्रोग्रॅम सांगणार होता.

१० फेब्रुवारी

कारण सापडलं. माझा प्रोग्रॅम एकटा चालत नाही. यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमच्या खांद्यावर बसतो. दापोलीत त्याची नवी आवृत्ती, इथे जुनी. आणि जुनीला तारीख म्हणजे काय तेच ठाऊक नाही! मी तर तिला अमावास्येपासूनचे दिवस मोजायला सांगत होते.

कॉलेजातले सर फोनवर म्हणाले, "नवी आवृत्ती घाला." पण ती या यंत्रात मावतच नाही.

११ फेब्रुवारी

मंगळवारी यंत्र देणाऱ्या कंपनीची जीप मुंबईहून येणार. तोवर चाललं नाही, तर यंत्र परत. आप्पा जाळं विणता विणता म्हणाले, "मग तूपण जा काकाकडे मुंबईस. हितं बसून काय करणार?" वर पाहिलंही नाही. सोसायटीच्या ऑफिसात ते एकदाही आलेले नाहीत.

१२ फेब्रुवारी

काही सुचत नाही.

१३ फेब्रुवारी

ओहोटीने समुद्र पाण्यातल्या किल्ल्याकडे सरकलेला. ओल्या वाळूत आकाश उतरलेलं — आपण ढगांवरून चालतोय असं वाटत होतं. मागे डोंगरावर चंद्र आला, भला मोठा, तांबूस. आई टोपली डोक्यावर घेऊन भेटली. म्हटलं, "आज तारीख काय गं?"

"तारीख तुझ्या कॉलेजात. आज पुनव!"

मी तिथेच उभी राहिले. पायाखालची वाळू पाण्याबरोबर सरकत होती, गोड गुदगुल्या. कॉलेजात जाईपर्यंत मीही तिथीच सांगायचे की! बंदरावर कोण तारीख विचारतं? मग यंत्राने तरी का मोजावी? त्याने फक्त विचारावं — आज तिथी कोणती? एक ते पंधरा, साधा आकडा. दर तिथीला भरती पाऊण तास पुढे. एवढा गुणाकार जुन्यालाही येतो!

चंद्र माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला.

१६ फेब्रुवारी

इथे चालला!! फ्लॉपी पदराखाली धरून एसटीने दापोली गाठली — नव्यावरही चालला. सर म्हणाले, "नव्याला तारीख कळते, मग हे मागे जाणं कशाला?" मी म्हटलं, दोघांना कळेल असंच बोलायचं, सर. परतताना खिडकीतून सगळ्या खाड्या चकाकत होत्या. बुरोंडी, मुरुड, सगळ्या बंदरांची जुनी यंत्रं मला हाक मारताहेत असं वाटलं. (अजून एकाही बंदरात यंत्र नाही!)

१७ फेब्रुवारी

जीप रिकामी गेली. भिकाजीशेठ गावभर सांगत सुटलेत, जणू त्यांनीच केलं!

संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसच्या दाराशी सावली. आप्पा. पाय ओले म्हणून उंबऱ्याबाहेरच.

"काय विचारतंय गो ते?"

"आज तिथी कोणती."

"मग मला विचार की! चवथ. घाल." ते आत आले. फरशीवर ओली पावलं. पडद्यावर उमटलेली भरतीची वेळ त्यांनी वाकून पाहिली. "बरोबर हाय." मग जाता जाता — "काकाला कळवलाय मी. तू येत नाय म्हणून."