घोड्याला इस्त्री

११ फेब्रुवारी
पुरे झालं हे कौतुक! हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करता करता सुचेल ते दर रविवारी ब्लॉगवर टाकते. खाली लगेच 'अप्रतिम', 'भिडलं', जोडलेले हात. नणंद तर मिनिटाच्या आत — "वहिनी, रडवलंस गं!" लेख होता तुटलेल्या बटणांवर. कुणी वाचतं तरी का?

१८ फेब्रुवारी
आज परीक्षाच घेतली. चादरींवरच्या लेखात मधोमध ठोकून दिलं — 'मग घोड्याला इस्त्री केली आणि घडी घालून कपाटात ठेवला.'

१९ फेब्रुवारी
सगळीकडे अप्रतिम! नवरा म्हणाला, "मस्त जमलाय." काय आवडलं? "ते... सगळंच."
अख्खा घोडा गिळला आणि ढेकरही दिला नाही मेल्यांनी! राग राग केला, मग रडूच आलं. कुणासाठी लिहायचं? बंद करते.

२० फेब्रुवारी
एका अनोळखी बाईची कॉमेंट: "घोड्याची घडी आधी आडवी घालता की उभी?"
वाचलं! एका माणसाने तरी वाचलं! वाफेत उभी राहून एकटीच खिदळत होते. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "काय गं, पगार वाढला की काय?" म्हटलं, त्याहून मोठं झालंय!
आता या एकीसाठीच लिहायचं. नटवं काही नको.

३१ मार्च
त्या बाईने बहीण आणली, बहिणीने शेजारीण. 'अप्रतिम'वाले पांगले, वाचणारे आले. आज मी लिहिलं, रेशमावर पाणी शिंपडून इस्त्री करा. एक शिंपीकाका तुटून पडले — "ताई, डाग पडतील ना! उलट्या बाजूने, कोरडीच करा." चूक माझीच. मुद्दाम केलेली नव्हे, चांगली खरीखुरी! दोन बायका माझी बाजू घेऊन काकांशी भांडल्या. मग तिघं मिळून कुणाच्या तरी लग्नातल्या शालूपर्यंत पोचले. मला कुणी विचारतसुद्धा नव्हतं. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता!

२१ एप्रिल
साधाच लेख. हल्ली वाफेचा वास नकोसा होतो, खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं, एवढंच. नणंद — "रडवलंस!" नवऱ्याचा अंगठा. आणि एक नवीनच बाई: "ताई, कितवा महिना?"
हसले. मग बोटांवर दिवस मोजले.

२२ एप्रिल
तपासून आले. बाई बरोबर!
आम्ही दोघांनी तर हा विषय काढणंच सोडून दिलं होतं. नवरा येईल आता. त्याला तोंडानेच सांगते — लिहून काही उपयोग नाही!