गेममधल्या शेटजींची शपथ

अप्पा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि गेल्या आठवड्यात मी तुम्हाला भर बाजारात पकडून दिलं. तुमच्या अंगात पांढरी बंडी होती, कपाळाला विभूती होती, पुढ्यात पत्ते होते आणि मागे उदगीरचा किल्ला. जमलेले लोक तुम्हाला हसत होते. मी पुन्हा पहिल्यापासून खेळले आणि पुन्हा पकडून दिलं. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी तर चहाचा कप हातात घेऊन, चवीने बघत बसले होते.

हा कम्प्युटरवरचा गेम आहे. पुण्यातली काही तरुण मंडळी तो बनवत आहेत. काळ निजामाचा. खेळणाऱ्याने भटका पत्तेबाज व्हायचं, गावोगावच्या सरायांत उतरून लबाडी शिकायची, म्हणजे पिसताना हवं ते पान वरच ठेवायचं, समोरच्या भिडूला खुणा करायच्या वगैरे, आणि एकेका बड्या आसामीला हरवत शेवटी उदगीरच्या शेटजींसमोर बसायचं. शेटजी स्वतःच पक्के लबाड. त्यांना रंगेहाथ पकडलं की गेम जिंकला. त्यातल्या माणसांची बोलणी लिहायला आपल्याकडची बोली जाणणारं कुणी हवं होतं. नांदेडला मी इतकी वर्षं मराठी शिकवली, माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या मंडळींत आहे, तिने माझं नाव सुचवलं. "मॅडम, हे शेटजी कसे असतील हो?" तिने फोनवर विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक आहेत.

मग मी तुमचं सगळंच्या सगळं शेटजींना देऊन टाकलं. पान वाटण्याआधी अंगठा जिभेला लावायची सवय दिली. खोटं बोलण्याआधी तुम्ही बारीक हसायचात, ते दिलं. हरायला लागलात की घरातल्या बायकांवर खेकसायचात, तेही दिलं. ऑफिसात ज्यांनी खेळून पाहिलं त्यांना शेटजी इतके डोक्यात गेले की एका मुलीने तुम्हाला पकडल्यावर "घे म्हाताऱ्या!" म्हणत टेबलावर थाप मारली. विद्यार्थिनीने मला त्याचा व्हिडिओ पाठवला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तो मी जपून ठेवलाय.

तुम्हाला ती पंचमी आठवत असेल, नसली तर मी आठवण करून देते. मी दहावीत आहे. आई स्वयंपाकघरात पुरणाचे दिंड उकडतीय, आत्या तिच्याशी बोलत बसलीय. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मेंढीकोट रंगलाय. मुरुडचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, आणि शेजारचे काका एका बाजूला, तुम्ही आणि मी दुसऱ्या. चारही दश्श्या, म्हणजे दहाची पानं, ज्यांनी पकडली त्यांचा कोट, आणि ज्यांच्यावर कोट चढला त्यांची वर्षभर चेष्टा. मुरुडच्या मामांवर कोट चढवायचा ही तुमची दर पंचमीची हौस. त्यासाठी मी दहा वर्षांची असल्यापासून तुम्ही मला खुणा शिकवल्या होत्या. कान खाजवला की बदाम, गुडघ्यावर हात ठेवला की इस्पिक, खाकरलं की दश्शी माझ्याकडे आहे. दुकान बंद करून आलात की तुम्ही माझी परीक्षा घ्यायचात. आई म्हणायची, "पोरीला काय बी नाद लावून राहिले तुम्ही." पण अप्पा, घरात तुम्ही फक्त माझ्याशीच खेळायचात, आणि मला ते फार आवडायचं.

त्या दुपारी तीन दश्श्या आपल्याकडे आलेल्या असतात. बदाम उतरलेलं असताना मी "बदाम न्हाई" म्हणून हुकूम टाकलेला असतो आणि बदामाची दश्शी परकराखाली सरकवलेली असते. शेवटच्या हाताला सगळ्यांकडे एकेक पान, माझा हात रिकामा. मी दश्शी हळूच काढते आणि मामा माझं मनगट धरतात.

"हे पान कुठून निघालं गं?"

मी तुमच्याकडे बघते. मामा मोठ्याने हसतात. "मेव्हणे, लेक कुणाची म्हणायची ही?"

चेष्टाच होती ती. तुम्हीही हसला असतात तर तिथेच मिटलं असतं. पण तुमचा चेहरा लाल झाला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून तुम्ही म्हणालात, "लिंगाशप्पत सांगतो, मी हिला असलं शिकवलं न्हाई. हिच्या अंगातच हाय ते." आणि सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिलीत. आई आतून धावत आली, तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. मी रडले नाही. तुमच्या गळ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरले असते. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला, मी शाळेत पहिली आले. लातूरला अकरावी सायन्सला जायचं, तिथे राहून डॉक्टर व्हायचं, हे मी आठवीपासून ठरवलेलं. फॉर्मवर सही करायला तुम्ही नकार दिलात. आई गयावया करत होती, तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "घरात पानं लपवणारी पोरगी लातूरला जाऊन काय काय लपवंल, कुनी बघावं?" माझ्या वर्गातली एक मैत्रीण लातूरला गेली. आज तिथे तिचा दवाखाना आहे. त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी रिक्षातून दुसऱ्या बाजूला बघते, या वयातसुद्धा. मराठी शिकवणं मला आवडलं नाही असं नाही. पण ते मी निवडलेलं नव्हतं.

पकडले गेल्यावर शेटजींनी काय म्हणायचं, ते लिहायला मला तीन आठवडे लागले. आधी मी त्यांना माफी मागायला लावली. भर बाजारात, हात जोडून, "चुकलं माझं, बाई." किती तऱ्हांनी लिहिलं ते! विद्यार्थिनी ते वाचून म्हणाली, "मॅडम, छानच आहे, पण हा माणूस माफी मागणार नाही." तिने तुम्हाला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. माझा तिळपापड झाला, पण तिचं बरोबर होतं. मग मी तुमची शपथ लिहिली. आता शेटजी लिंगाला हात लावून म्हणतात, मला यातलं काही माहीत नाही, आणि तो हात वर जातानाच बंडीतून बदामाची दश्शी खाली पडते. लोक खो खो हसतात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही. आईलाही मी ती कधी सांगितली नाही. खुणा तुम्ही शिकवल्यात, पण पान लपवायचं तुम्ही कधीच शिकवलं नव्हतं. ते त्या दुपारी माझं मलाच सुचलं. कोट चढला की तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवाल, एवढ्यासाठी. मला तुमचा राग आला तो सगळा खरा, लातूर तुम्हीच बुडवलंत तेही खरं. फक्त शपथ तुम्ही खोटी घेतली नव्हती. शेटजींच्या बोलण्यात काही बदल असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, असा विद्यार्थिनीचा निरोप होता. काल शुक्रवार होता. मी कळवलं, काही बदलू नका.