पृथ्वी टॉलरन्समध्ये बसत नाही

४ ऑक्टोबर, सकाळी
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टर म्हणतात म्हणून नव्हे. माझं मलाच वाटतं.

काल ताईने स्वतःहून काहीतरी मागितलं. डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच. नाहीतर दिवसभर खिडकीशी बसून असते, जेवायलासुद्धा ओढून आणावं लागतं. ती पूर्वी शिकवायची त्या शाळेतून फोन आला होता, अठरा तारखेला सहावीवर भूगोलाचा एक तास घ्याल का म्हणून. ताई म्हणाली, घेईन, पण बोटांनी वाचता येईल असा पृथ्वीचा गोल हातात हवा. मी म्हटलं, हात्तिच्या! जन्मभर बेअरिंगच्या कारखान्यात गोळ्या तपासल्या मी. गोल वस्तूतलं माझ्याइतकं कुणाला कळतं? आमची ही स्वयंपाकघरात हसली. कशाला, कळलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
चिडलो. दुकानात उठावाचा गोल पाहिला. पर्वत कसले, नुसती टेंगळं! त्या हिशेबाने एव्हरेस्ट पार अंतराळात जाईल. दुकानदाराला म्हटलं, पृथ्वी बिलियर्डच्या चेंडूपेक्षा गुळगुळीत आहे, मी वाचलंय. तो म्हणाला, घ्यायचा नसेल तर खाली ठेवा. मी अजून इन्स्पेक्टर असतो तर तो नग भंगारात गेला असता. दुकानदारासकट.

ठरलं. गोल मीच करणार. अचूक मापाचा.

७ ऑक्टोबर
क्लबात जाऊन बिलियर्डचा चेंडू मागितला. घरून डायल गेज, उंचसखलपणा मोजायचं काट्याचं यंत्र, नेलं होतं. चेंडू फिरवून फिरवून पाहिला, काटा जागचा हलेना. मग हिशेब केला. पृथ्वी त्या चेंडूएवढी केली तर एव्हरेस्ट येतो मिलिमीटरचे चार शतांश. शिवाय विषुववृत्तापाशी पोट सुटलेलं. म्हणजे टॉलरन्स, चालेल एवढा फरक, धरला तर चेंडू पास आणि पृथ्वी रिजेक्ट! मग मी वाचलं ते काय? धादांत खोटं. छापणाऱ्याला उलटं टांगलं पाहिजे. हे मी जरा मोठ्याने म्हणालो. मॅनेजरने दंड धरून बाहेर काढलं. चेंडू खिशात होता म्हणे. चुकून राहिला होता.

घरी येऊन हिला पृथ्वीच्या सुटलेल्या पोटाचं सांगितलं. तिने माझ्याच पोटाकडे पाहिलं.

९ ऑक्टोबर
खेळाच्या सामानाचं दुकान. टेनिसचा चेंडू केसाळ, बाद. क्रिकेटच्या चेंडूला शिवण, बाद. फुटबॉल म्हणजे नुसते सांधे. आणि बास्केटबॉल? त्याच्यावरचा एकेक दाणा त्या मापाच्या एव्हरेस्टपेक्षा उंच! काउंटरवरच्या बाईंना हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, किती वर्षांच्या मुलासाठी हवाय. मी म्हटलं, पासष्ट वर्षांच्या बहिणीसाठी. त्यांनी मालकाला हाक मारली.

शेवटी दांड्यावर फिरणारा प्लास्टिकचा कोरा गोळा मिळाला. व्यास तीस सेंटिमीटर. एव्हरेस्ट दोन दशांश मिलिमीटर. ही म्हणाली, अहो, एवढंसं ताईंच्या बोटांना लागणार तरी आहे का, थोडे उंच करा की पर्वत. कडाडलोच मी. दिसत नाही म्हणून माझ्या बहिणीच्या गळ्यात खोटा माल मारायचा? ही स्वयंपाकघरात निघून गेली. मुद्द्याचं बोललं की माणसं निघून जातात.

१३ ऑक्टोबर
जमीन आणि समुद्र रंगवून झाले. निळा रंग तर काय सुरेख उतरलाय! संपल्यावर लक्षात आलं, ताईला दिसत नाही. असो.

पर्वतांसाठी रेती चाळून चाळून पिठासारखी केली. भिंग लावून डिंकाने बसवली. पाठ धरली आहे. मान वळत नाही. काम मात्र एक नंबर.

१४ ऑक्टोबर
घात! हिने टेबल आवरताना ओल्या फडक्याने गोलसुद्धा पुसला. आख्खी पर्वतरांग एका फडक्यात साफ. ही म्हणते, मला धूळ वाटली. धूळ!! इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी बेल वाजवली. बोलू नये तेही बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो. हिने ताट वाढलं, पण तोंडातून शब्द नाही. उद्या सॉरी म्हणेन. आधी ती म्हणाली तर.

पर्वत पुन्हा बसवायला घेतले. वरून लॅकरचा हात मारणार. आता पुसा म्हणावं.

१६ ऑक्टोबर
गोल ताईसमोर ठेवला. तिने दोन्ही हात फिरवले. परत फिरवले. मग म्हणाली, हा नुसता चेंडू झाला रे, गोल कुठाय? मी सांगितलं, हाच गोल, अगदी अचूक आहे. तिने पुन्हा सावकाश बोटं फिरवली, नखाने खरवडून पाहिलं. मग हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, शाळेत फोन करून सांग, नाही जमायचं म्हणून. इतकं शांतपणे म्हणाली की चिडायला कुणी सापडेना. खिडकीशी जाऊन बसली. जेवली नाही.

अचूक होता. माझी काहीही चूक नाही.

फोन केलेला नाही. शाळेची लाइन बिझी असणार.

१७ ऑक्टोबर
हिचा अबोला चालूच. सकाळी मैदा आणि मीठ घेऊन घट्ट गोळा मळला आणि माझ्यासमोरून नेऊन ताईच्या हातात ठेवला. गोलही ठेवला. ताईने वरचा दांडा चाचपला, तो ध्रुव. तिथून बोटांनी अंतर मोजत खाली आली आणि चिमटी चिमटीने पर्वत लावायला लागली. कुणाला न विचारता. एकेक रांग जागच्या जागी. मध्येच म्हणाली, सहावीची पोरं या टोकावर बोट ठेवल्याशिवाय राहायची नाहीत. आणि हसली.

मी गुपचूप उंची मोजायला व्हर्नियर लावला. सवय. एव्हरेस्ट चौदा मिलिमीटर. टेंगूळ! ताईने आवाज ऐकला. विचारलं, काय भरतंय. मी म्हणालो, अगदी बरोबर आहे. तर म्हणते, गाढवा, खोटं बोलू नकोस, जवळजवळ सत्तर पट उंच आहे, हे गणित मी दरवर्षी फळ्यावर घालायची. मैदा संपला, आणखी मळून आण.

मळून नेला. हिने वाटेतच थांबवून दाबून पाहिला आणि परत दिला. गुठळ्या आहेत, म्हणाली.

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, पुन्हा मळा.